जोडाक्षराचे दोन

बर्णबा त्रिभुवन भर दुपारी आले,
हातात शाळेच्या वहीचं फाडलेलं पान.
"सर, एवढं शुद्ध करून द्या.
दगडावर खोडता येत नाही."

पान चार घड्या घालून पुडीसारखं बांधलेलं.
चाळीस वर्षं मिशनच्या दवाखान्यात कंपाउंडर,
बोटांची सवय जात नाही.
मी चष्मा लावून वाचलं:
रिबका बर्णबा त्रिभुवन, परिचारिका
ख्रिस्तामध्ये निजली

चूक एकही नव्हती.
तरी माझा लाल पेन 'निजली'वर थांबला.
आमच्यात देवाज्ञा झाली म्हणतात, मी म्हणालो,
कैलासवासी म्हणतात, किंवा नुसतंच, गेली.
गेलेलं माणूस निजलं कसं?

"वॉर्डात पेशंट झोपला की
उशाशी पाटी ठेवायचो आम्ही," ते म्हणाले,
"उठवायला येईल त्याला नाव कळावं म्हणून.
दगड तेवढ्यासाठीच, सर."

मी गप्प.
थोरल्या भावाला मीच अग्नी दिला होता,
तिसऱ्या दिवशी तो एका मडक्यात मावला.
पाटी कुठं लावणार?

"मग भेटायला कुठं जाता?"
जात नाही. पितृपक्षात त्यालाच बोलावतो,
गच्चीवर पान ठेवून.
"येतात?"
येतो. कधी दोन वाजवतो.
हयातीतही वेळेवर जेवला नाही कधी.

बर्णबा हसले. बाई गेल्यापासून पहिल्यांदाच, बहुतेक.
मग हसू आवरून म्हणाले,
"मला पटत नाही, सर, खरं सांगतो.
पण औंदा पान ठेवाल तेव्हा हाक मारा.
कडेला उभा राहीन."

पाणी झालं, चहा झाला.
कपाच्या कानाशी चाळा करत त्यांनी विचारलं,
"तुम्हाला काय वाटतं? उठंल ती?"

इथं खोटं बोलणं सोपं होतं.
'सगळे रस्ते एकाच गावाला जातात':
हे वाक्य तीस वर्षं निबंधाच्या वह्यांत वाचलं,
पैकीच्या पैकी गुण दिले.
जालन्याहून अंबडचा रस्ता अंबडला जातो,
भोकरदनचा भोकरदनला.

मला माहीत नाही, बर्णबा, मी म्हणालो.
माझ्या घरच्या समजुतीत त्या परत येतील,
पण दुसऱ्या पोटी, दुसऱ्या नावानं.
तुम्हाला ओळखणारही नाहीत.

ते बराच वेळ कपाच्या तळाशी बघत राहिले.
"हे तर लईच अवघड आहे."
आणि मग,
"पण तुम्ही गोड करून सांगितलं नाही. बरं केलंत."

मला आठवलं ते मी सांगितलं नाही:
माझी लेक जन्मली तेव्हा रडेना,
रिबकाबाईंनी तिला उलटी धरून चापट मारली,
दुसऱ्या हातात गळ्यातला क्रूस.
दारात माझी आई, चिमटीत अंगारा.
लेक दोघींच्या मध्ये बोंबलली,
आणि कुणामुळे, हे त्या दोघींनी
एकमेकींना कधीच विचारलं नाही.

संध्याकाळी यल्लप्पा धोत्र्याकडे गेलो,
चंदनझिऱ्याच्या अलीकडे,
सळईच्या कारखान्यांचा धूर दगडांवर बसतो तिथं.
यल्लप्पा अक्षरावर पैसे घेतो.
बोट लावून मोजत गेला, मध्येच थांबला.
"जोडाक्षराचे दोन धरतो. ख्रिस्त महाग पडंल."
आणि कृष्ण? मी विचारलं.
"त्योबी तसलाच. त्या ष्ण-मधी छिन्नी सटकती."
"पुरं कोर," बर्णबा म्हणाले,
"पैशाचं बघू नको."

काळ्या दगडावर खडूनं आखून झालं.
यल्लप्पानं शेवटच्या अक्षरापाशी छिन्नी टेकवली.
"फुडं टिंब देऊ का? त्याचे पैसे नाहीत."

व्याकरणानं द्यायला हवं.
बर्णबांनी माझ्याकडे पाहिलं.
मी म्हणालो, नको.